डाव्या बाजूची असामी

लष्कर मोहल्ला, म्हैसूर
१४ जुलै १९१३

चिरंजीव फत्तेसिंगराव यास थोरल्या भावाचे आशीर्वाद.

बंगळुरूला बिऱ्हाड लागल्याचं आणि सुमित्राबाईंना तिथली हवा मानवल्याचं तुझ्या कार्डावरून कळलं. मालोजीची काळजी करू नकोस. मॅट्रिक होईपर्यंत तो इथं माझ्याकडे आहे, म्हणजे आपल्याच घरी आहे. तुझी वहिनी त्याला रागी मुद्द्याचे गोळे तूप घालून वाढते. तो मान खाली घालून खातो आणि मान खाली घालूनच भूमिती करतो.

आता माझी हकिगत. एकेकाळी मी चेंडू बगलेत घेऊन कवायतीच्या खोलीबाहेर पडलो की चाळीस पोरं मागं धावत. त्यातून अकरा निवडताना माझी अर्धी पोरं रुसायची. यंदा शाळा उघडली आणि मैदानावर सहा जण आले. बाकीचे शिकवणीला असतात, नाहीतर कॉफी क्लबात एका कपावर तिघे बसून पत्ते कुटतात. परवा एकाला मैदानाला दोन फेऱ्या मारायला सांगितल्या, तर म्हणाला, "सार, धाप लागते." वय सोळा. गरडीच्या तालमीत तर हौद्याची माती उकरायलाही कुणी फिरकत नाही. दगड झाला आहे तिचा.

त्यात गंगाधरराव हे नवे हेडमास्तर शिमोग्याहून आले आहेत. माणूस सभ्य आहे, आवाज चढवत नाही. त्यांनी माझा फुटबॉलचा हजेरीपट मागवला आणि मैदानावर येऊन स्वतः नावं पुकारली. अकरा नावं, सहा पोरं, आणि त्या सहांपैकी एकाचंही नाव पटावर नाही. गोलमध्ये चिदंबर, डाव्या बाजूला फत्तेसिंगराव, उजवीकडे वेंकटरमण, असा १८९२ सालचा आपला पहिला संघ. त्यांना वाटलं मी खोटा पट ठेवतो.

मी त्यांना समजावलं की आमच्या रिसाल्यात अशीच रीत. शिलेदाराच्या घराची घोड्यावरची जागा म्हणजे त्या घराची असामी. बाप म्हातारा झाला तर मुलगा बसतो, मुलगा नसेल तर दुसऱ्या कुणाला बारगीर म्हणून बसवतात, पण हजेरीला नाव पुकारतात ते असामीच्या धन्याचं. बसलेला स्वार त्या नावाला "हाजिर" म्हणतो. जागा सोडायची तर त्या घरानं लेखी सोडायची. ज्या अकरा घरांनी हा संघ उभा केला, त्यांनी कुठं सोडली आहे? एकवीस वर्षांत जी पोरं खेळली ती त्यांची बारगीर म्हणून खेळली.

गंगाधररावांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "जमादारसाहेब, रिसाल्यात घोडा तरी उभा असतो. इथं काय उभं आहे?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बंगळुरूच्या शाळेशी सामना आहे. तोवर अकरा पोरं उभी राहिली तर ठीक, नाहीतर फुटबॉल बंद आणि तो तास इंग्रजीच्या जादा वर्गाला, असं ठरलं.

म्हणून विचारतो. मालोजीला मैदानावर आणू का? त्याच्या पायात वेग आहे, तुझाच. तू आठव, ब्याण्णवच्या सामन्यात तू पडलास, मी कडेवरून ओरडलो, "ऊठ, शिलेदाराचं पोर पडून राहत नाही," आणि तू उठलास, शेवटपर्यंत खेळलास आणि चेंडू गोलात घालूनच थांबलास. त्या दिवसाइतकी माझी छाती रिसाल्याच्या संचलनातही फुगली नाही. पुढं तू घोडा सोडून लेखणी धरलीस आणि आपली तीन पिढ्यांची असामी दुसऱ्या घरी गेली, तो भाग वेगळा. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

मुलगा तुझा आहे. तू लिहिशील ते मला मान्य.

खंडोजीराव


चिकपेट, बंगळुरू
२२ जुलै १९१३

तीर्थरूप दादा,

पत्र पोचलं. घोडा सोडल्याबद्दल तुम्ही बोलत नाही असं तुम्ही गेली एकवीस वर्षं दर दसऱ्याला सांगत आला आहात, तेव्हा तेही पोचलं.

मालोजीबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे. त्यानं चेंडूला पाय लावायचा नाही. देवीच्या दर्शनाला चामुंडीच्या पायऱ्या चढायच्या असतील तर चढू दे, दंडबैठका काढायच्या तर काढू दे. फुटबॉल नको.

पोरं आळशी झाली असं तुम्हांला वाटतं. इथं कचेरीत एका जागेसाठी साठ अर्ज येतात, दादा, आणि अर्जात कुणी किती गोल केले हे विचारत नाहीत. घोडदळाचे भाले आता दसऱ्याच्या मिरवणुकीपुरते. शिकवणीला जाणाऱ्या पोरांना आणि पाठवणाऱ्या बापांना मी तरी दोष देणार नाही.

मी लिहीन ते मान्य असं तुम्ही लिहिलं आहे. त्या शब्दावर मी निर्धास्त आहे. वहिनींना नमस्कार. मालोजीला तूप कमी वाढावं.

आपला,
फत्तेसिंग


लष्कर मोहल्ला, म्हैसूर
२४ ऑगस्ट १९१३

चिरंजीव फत्तेसिंग, आशीर्वाद.

शब्द दिला तो पाळला आहे. मालोजी चेंडूला पाय लावत नाही. पहाटे माझ्याबरोबर चामुंडीच्या पायऱ्या चढतो, त्याची तू परवानगी दिलीच आहेस. हजार पायऱ्या. पहिल्या आठवड्यात वाटेतल्या नंदीपाशी बसायचा. आता वर पोचून माझी वाट बघत उभा असतो आणि मी पोचलो की दमल्याचं नाटक करतो, म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून.

आता ऐक, महिनाभर मी काय केलं. हेडमास्तरांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. इथं काय उभं आहे? मग ठरवलं की पोरांना काय विचारायचं, असामीच्या धन्यांनाच विचारू. डगला घातला, फेटा बांधला, आणि अकरा कागद करून घेतले. प्रत्येकावर एकच ओळ: "आमच्या घराची संघातली जागा आम्ही राजीखुशीनं सोडली आहे." खाली सहीला जागा.

पहिला गेलो चिदंबरकडे. आता मोठा वकील आहे, ओसरीवर पक्षकार बसलेले. त्याचा मुलगा दोन शिकवण्यांना जातो. शिवाय चिदंबरची आई चामड्याच्या चेंडूला शिवलेल्याला आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाही, हे तुला आठवत असेल. बिचारा थंडीत विहिरीवर कुडकुडायचा. मी मुलाचं नावही काढलं नाही. कागद पुढं केला, म्हटलं, "जागा रिकामी आहे. सोडली म्हणून सही कर, म्हणजे मी दुसऱ्या घराला देतो." त्यानं कागद वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. मग विचारलं, "कुणाला देणार?" मी म्हटलं, ते तुला काय करायचं. तर उठून उभा राहिला आणि पक्षकारांदेखत म्हणाला, "ना बरेयल्ल. लिहिणार नाही. गोलमध्ये आमच्या घरचा माणूस उभा राहील." आतून म्हातारी ओरडली की पाणी कोण तापवणार. चिदंबर म्हणाला, मी तापवीन.

देवराज मोहल्ल्यात वेंकटरमणच्या कापडाच्या दुकानी गेलो. तो स्वतः आता दोन गिऱ्हाइकांची जागा अडवतो आणि मुलगा त्याच्या वळणावर. कागद बघून त्यानं गजाची काठी खाली ठेवली. म्हणाला, "साकप्पा, साकु, पुरे झालं. सही मागायला आलात? त्यापेक्षा दुकान मागा." दुसऱ्या दिवसापासून त्याचा मुलगा येतो. धावत नाही, लोटला जातो. पण येतो. आठ दिवसांत दीड इंचानं धोतर घट्ट नेसायला लागला.

असा दहा घरी गेलो. कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या, एकानं तर मला कॉफी पाजली आणि कागदावर कप ठेवला. सही कुणी केली नाही. एकानंही नाही, फत्तेसिंग. आज मैदानावर दहा पोरं आहेत. नऊ जण घरचे, आधीचे सहाही त्यांतच धरून, आणि वारलेल्या संताजीरावांच्या जागेवर त्यांच्या बायकोनं सांगून पाठवलेला भाचा. गेल्या वीस वर्षांत मला या गावाचा इतका अभिमान वाटला नव्हता.

अकरावा कागद सोबत आहे. डावी बाजू तुझी. दहाजणांच्या दारी गेलो आणि सख्ख्या भावाला वगळलं असं कुणी म्हणायला नको. मुलाबद्दल मी काही मागत नाही. कागद वाच आणि तुला वाटेल ते कर.

खंडोजीराव


चिकपेट, बंगळुरू
१ सप्टेंबर १९१३

तीर्थरूप दादा,

कागद सही करून परत पाठवत आहे. जागा सोडली.

तुमचा माझ्यावरचा राग वाढेल, म्हणून जे कधीच सांगायचं नव्हतं ते आता सांगतो. ब्याण्णवच्या सामन्यात मी पडलो तेव्हाच गुडघ्याची वाटी फुटली होती. तुम्ही ओरडलात, ऊठ. मी उठलो. अर्धा तास त्याच पायावर धावलो आणि गोल केला. तुमच्या छातीबद्दल तुम्ही लिहिलं आहे. ती फुगलेली मी पाहिली होती, म्हणून घरी आल्यावर बोललो नाही.

तीन महिन्यांनी रिसाल्याच्या डॉक्टरनं मला उकिडवं बसून उठायला सांगितलं. मला उठता येईना. त्यानं वहीत एक शब्द लिहिला आणि पुढच्याला बोलावलं. घरी येऊन मी सांगितलं की मला घोडा नको, कारकुनीच बरी. तुम्ही मला भेकड म्हणालात. बाबांनी त्याच आठवड्यात असामी सोडल्याचा कागद केला, ते जास्त लागलं. पण खरं सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी चेंडू विहिरीत टाकला असता. शाळेतला तो संघ तुम्ही नुकता उभा केला होता. माझा घोडा गेला तो गेला, तुमचा खेळ कशाला जावा, असं तेव्हा वाटलं. सतरा वर्षांचा होतो.

अजून जिना उतरताना मला कठडा धरावा लागतो. तुमच्यासमोर मी कधी जिना उतरलो नाही. मालोजीचे दोन्ही गुडघे मला शाबूत हवे आहेत. एवढंच.

फत्तेसिंग


लष्कर मोहल्ला, म्हैसूर
१४ सप्टेंबर १९१३

प्रिय भाऊजी,

हे पत्र मी लिहिते आहे म्हणून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत. ह्यांनी चारदा लिहायला घेतलं आणि चारदा दौत झाकली. शेवटी मला म्हणाले, गिरिजा, तू लिही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. खोगीर अजून माळ्यावर आहे, ते खाली काढलं, तेल लावून पुसलं आणि परत वर ठेवलं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "ज्याला मी भेकड म्हणत होतो तो माझ्यापेक्षा मोठा शिलेदार निघाला." एवढंच बोलले. एकवीस वर्षं तुम्ही दोघांनी एकमेकांपासून काय काय लपवलंत, आणि मी तुमच्या दोघांच्या पानात वाढत राहिले. मला कुणी सांगितलं असतं तर गुडघ्याला निदान निर्गुडीचा पाला तरी बांधला असता.

तुमचा सही केलेला कागद ह्या पाकिटात परत पाठवते. ह्यांनी तो हेडमास्तरांना दाखवला नाही. वेंकटरमणचा पुतण्या डाव्या बाजूला खेळायला तयार होता. हे म्हणाले, जागा रिकामी नाही. हेडमास्तरांनी विचारलं, मग कोण आहे तिथं? तर ह्यांनी पट मिटून बगलेत मारला. सामन्याला दहाच उतरले तर संघ बंद होणार हे ह्यांना पक्कं माहीत आहे. तरी कागद परत पाठवतात. दुखावलेल्या माणसाकडून घेतलेली सही खरी नव्हे म्हणतात. आणि मुलाला खेळायला सांगणार नाही म्हणतात, शब्द दिला आहे.

आता मालोजीचं. तो काही मागत नाही हे तुम्ही जाणता. मी परवा डबा द्यायला मैदानाकडे गेले होते. दहा पोरं खेळत होती आणि डावीकडे मोकळं. चेंडू सारखा त्या मोकळ्या जागेतून भिंतीपर्यंत जातो. मालोजी तिथं पुस्तक घेऊन बसतो. चेंडू आला की पुस्तक ठेवतो, पळत जातो, चेंडू हातात उचलतो, आणि तसाच हातात घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत नेऊन ठेवतो. पोरं हसतात, "बायकांसारखा घागर घेऊन आला" म्हणतात. मी म्हटलं, अरे, पायानं ढकलून द्यावा, एवढी पायपीट कशाला. तो म्हणाला, "बाबांनी पाय लावू नको म्हटलंय, काकी."

मी मोजलं नाही, पण तासाभरात वीसेक वेळा तरी गेला असेल. काय धावतो, भाऊजी. तुम्ही एकदा बघायला हवं.

तूप कमी केलेलं नाही. सुमित्राबाईंना माझा निरोप सांगा.

गिरिजाबाई


चिकपेट, बंगळुरू
२० सप्टेंबर १९१३

चिरंजीव मालोजी यास आशीर्वाद.

तू चेंडू हातात उचलून नेतोस असं तुझ्या काकीनं कळवलं. गोलात उभा असतो त्याच्याखेरीज संघातल्या कुणीही चेंडूला हात लावायचा नसतो. हा खेळाचा नियम आहे आणि डाव्या बाजूच्या खेळाडूला तो माहीत असला पाहिजे.

पायानं मार.

पडलास तर उठण्याआधी गुडघा हलवून बघ. दुखला तर उठू नकोस, कुणीही ओरडलं तरी. काकांना हे पत्र दाखव. कागद मी फाडला आहे हेही सांग.

दसऱ्याच्या सुमारास कचेरीत काम फार असतं. रजा मिळणार नाही, तेव्हा माझी वाट बघू नये. भूमिती सोडू नकोस.

तुझा बाप,
फत्तेसिंगराव


लष्कर मोहल्ला, म्हैसूर
१३ ऑक्टोबर १९१३

चिरंजीव फत्तेसिंगराव यास,

आशीर्वाद लिहिताना हात अडखळला, कारण वयानं मी मोठा असलो तरी या पत्रापुरता तूच वडील आहेस. तेव्हा आशीर्वाद आणि नमस्कार, दोन्ही घे.

सामना झाला. आपण एकविरुद्ध दोन गोलांनी हरलो. ही बातमी आधी सांगतो, म्हणजे पुढचं तू स्वस्थपणे वाचशील.

बंगळुरूची पोरं बूट घालून आली होती. आपली अनवाणी. बघायला गाव लोटलं. चिदंबर पक्षकार टाकून आला होता. त्याची आईही आली, लांब झाडाखाली बसली, बरोबर तांब्या. वेंकटरमणनं त्या दुपारी दुकान बंद ठेवलं, जे त्यानं लग्नाच्या दिवशीही केलं नव्हतं. ज्यांनी सही केली नाही ते सगळे रांगेत उभे होते. पोटं सुटलेली, केस गेलेले, पण उभे होते हजेरीला उभं राहावं तसे, टाचेला टाच लावून.

पहिला गोल त्यांनी केला. मग मालोजीनं डावीकडून चेंडू असा काढला की त्यांचा बूटवाला तिथंच गोल फिरला. चेंडू मध्ये आला आणि वेंकटरमणच्या मुलानं तो पोटानं गोलात घातला. पोटानं, मी डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या बापाला विचारशील तर तो छातीनं म्हणेल.

दुसऱ्या अर्ध्यात मालोजी पडला. दोघे एकदम आदळले आणि तो खाली. फत्तेसिंग, माझं तोंड उघडलं होतं. तो शब्द जिभेवर आला होता. तो मी गिळला. शिट्टी व्हायची वाट न बघता मैदानात गेलो, त्याच्याजवळ मातीत बसलो आणि म्हटलं, "पडून राहा, बाळ. घाई नाही." तुझ्या हुकुमाप्रमाणे त्यानं गुडघा हलवला. मी वाटी चाचपली. शाबूत होती. तरी त्याला धरून कडेला नेलं, पाणी पाजलं, चालवून बघितलं. तेवढ्यात दहाजणांवर त्यांनी दुसरा गोल केला. पोरं माझ्याकडे बघत होती, की जमादार त्याला परत पाठवत का नाहीत. मी पाठवला नाही, जोवर तो स्वतः म्हणाला नाही, "काका, आता जातो."

हा गोल माझ्यामुळे झाला. एकवीस वर्षं उशिरानं, पण यावेळी मी बरोबर वागलो असं मला वाटतं. तुला काय वाटतं ते कळव.

शिट्टी वाजली तेव्हा अकराही पोरं पायांवर उभी होती. आज सोमवारी मी चेंडू बगलेत घेऊन बाहेर पडलो, तर मागं चोवीस पोरं. कॉफी क्लबातले ते तिघेही आले होते. दोन फेऱ्यांत धाप लागली त्यांना, पण तिसरी मारली. हेडमास्तरांनी इंग्रजीचा जादा वर्ग सकाळी हलवला आहे.

एक गोष्ट राहिली, ती मुद्दाम शेवटी ठेवली.

सामन्याआधी मी हजेरी घेतली, जुन्याच पटावरून. गंगाधरराव माझ्याशेजारी उभे होते. मी चिदंबर पुकारलं, त्याचा मुलगा हाजिर म्हणाला. वेंकटरमण, हाजिर. संताजीराव म्हटलं तेव्हा गर्दी जराशी थांबली, मग भाचा हाजिर म्हणाला. शेवटी डावी बाजू. मी पुकारलं, "फत्तेसिंगराव."

दोन आवाज आले. एक समोरून, कोवळा. एक मागून, गर्दीतून, जरा घोगरा.

हजेरी चालू असताना मागं वळायचं नसतं. मी वळलो नाही. वळलो असतो तर पुढं काही दिसलं नसतं. सामना संपल्यावर शोधलं तेव्हा तू निघून गेला होतास. रजा मिळणार नाही असं तू मालोजीला लिहिलं होतंस, तेव्हा बिनरजेचा आला असशील. कचेरीत मी काही बोलणार नाही. पण पुढच्या दसऱ्याला घरी उतर. ओसरीला तीन पायऱ्या आहेत, माझ्या खांद्याला धरून उतरशील, माझ्यासमोर.

गंगाधररावांनी तेव्हाच मला हळूच विचारलं होतं, "जमादारसाहेब, नाव एक आणि हाजिर दोघे, हे कसं?"

मी म्हटलं, "साहेब, एक असामीचा धनी आणि एक तिच्यावरचा स्वार. हा पट बरोबर आहे."

त्यांनी पेन्सिल काढली आणि तुझ्या नावापुढं स्वतःच्या हातानं खूण केली.

खंडोजीराव